गॉर्डी बॉट्सची शिंक

रविवार, १० फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मिस्टर बोडनार, रक्तदाब ओरडून उतरत नाही. राग आला की लिहून काढत जा." म्हणून ही वही. तर लिहितो : वॉल्ट ड्रेननचं वाटोळं होवो.

बरं वाटलं. बाई हुशार आहेत.

माझी दुसरीही एक वही आहे, हिरवी. ती कामाची. एकतीस वर्षं भट्टीवर काच ओतली, आणि तितकीच वर्षं दर शनिवारी कॉलेजांचे फुटबॉल सामने पाहून त्या वहीत टिपतोय, की आमच्या टोलेडो ग्लासमेन संघानं ड्राफ्टमध्ये कोणता पोरगा उचलावा. ज्या संघानं मोसमात जास्त मार खाल्ला त्याला कॉलेजच्या पोरांतून आधी निवडायला मिळतं. चेंडू हातात घेऊन एकमेकांवर आदळायच्या या निर्दय खेळातला तेवढाच एक दयाधर्म, आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्या दयेवरच जगतोय. यंदा तीन जिंकले, तेरा हरले. पाळी सहावी.

गेल्या एप्रिलचं लिहितो. डॉक्टरीणबाईंची आज्ञा आहे. नदीकाठच्या बर्निसच्या बारमध्ये आम्ही जुने लोक ड्राफ्टआधी एकेक पाकीट बंद करून देतो : आत ग्लासमेन पहिला गडी कोणता घेतील ते, आणि सगळ्यांनी दुर्लक्ष केलेला, पण उद्या नाव काढणारा एक गडी. ड्राफ्ट गुरुवार ते शनिवार, सात फेऱ्या चालतो; शनिवारी पाकिटं फुटतात. दुर्लक्षित गडी म्हणून मी हॉलिस नावाच्या एका पोराचं नाव लिहिलं होतं. चार महिने त्याच्यामागे घालवले होते. आणि त्याच सकाळी साडेसातला वॉल्ट ड्रेनननं रेडिओवरच्या त्याच्या खेळाच्या कार्यक्रमात हॉलिसचंच नाव घेतलं. नुसतं नाव नाही, माझी वाक्यं! "हा पोरगा चेंडूकडे बघत नाही, फेकणाऱ्याच्या खांद्याकडे बघतो." हे माझं वाक्य आहे. हिरव्या वहीत, पान त्रेचाळीस.

माझं पाकीट फुटलं तेव्हा बार हसून लोळला. "वॉल्टचं उष्टं खातोस होय रे एमरी!" तेव्हापासून मी 'उष्ट्या'. आमच्याकडे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या गाढवाचं नाव फुटक्या ग्लासवर लिहून तो गल्ल्यामागच्या फळीवर ठेवतात. वर्षभर तिथे माझं नाव आहे. हॉलिसनं या मोसमात समोरच्यांनी फेकलेले सहा चेंडू मधल्यामध्ये पळवले, तरी ग्लास तिथेच.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

बायकोला, मार्गिटला, चॉकलेटं आणली. तिनं कोंबडीचं पाप्रिकाश, म्हणजे आमचा लाल हंगेरियन रस्सा, केलं. जेवणानंतर रोजच्यासारखं तिच्या उजव्या हाताला मलम चोळायला बसलो. सांधे धरतात तिचे, बरण्या मीच उघडून देतो. आधी अंगठा, मग एकेक बोट. चोळता चोळता वॉल्टचा विषय निघाला (मीच काढला), आणि मी म्हणालो, "वॉल्ट चोर आहेच, पण त्याला वही नेऊन देणारा कुणीतरी घरभेदी आहे. ज्या हातानं दिली तो हात वाळून जावो."

मार्गिटनं हात काढून घेतला. म्हणाली, "बास आज. दुखत नाहीये."

मलम लागू पडतंय म्हणायचं.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

घरभेदी कोण, हे मला ठाऊक आहे. लेस्टर क्विन. बारमध्ये बावीस वर्षं माझ्या शेजारच्या स्टुलावर बसतो. गेल्या एप्रिलमध्ये वही चार दिवस गायब होती. सापडली कुठे, तर आमच्याच गाडीच्या मागच्या सीटखाली, मार्गिटच्या चर्चच्या डब्यांमध्ये. त्या आठवड्यात लेस्टरला मी दोनदा गाडीतून घरी सोडलं होतं. आणखी काय पुरावा हवा?

आज तो नेहमीसारखा टेबल बडवत होता. "क्वार्टरबॅक पाहिजे रे! कोल्टन रीव्ह्ज! पोराचा हात बघितलास? इथून चेंडू फेकला तर डेट्रॉइटमध्ये पडेल."

"आणि फेकायच्या आधी तोच आडवा पडेल. पुढे अडवायला कोण आहे? तू?"

"मग तुझं काय म्हणणं, उष्ट्या?"

"अमारी पेटीग्रू. पुढच्या फळीतला डावा गडी. दोन वर्षांत एकदाही कुणी त्याला मागे रेटलेलं नाही. सहावी पाळी, पेटीग्रू, विषय संपला."

"थांब, उद्या वॉल्ट काय म्हणतो ते ऐकू, मग तू तेच म्हणशील!"

सगळे हसले. बर्निससुद्धा. मीही हसलो. माझं हसणं त्यांना कळलं नाही.

बुधवार, ६ मार्च

राखेचा बुधवार, ईस्टरच्या उपवासाची सुरुवात. चर्चमधून कपाळाला राख लावून आलो. मार्गिटनं विचारलं, "ईस्टरपर्यंत यंदा काय सोडणार?"

"चॉकलेट."

"तो सूड सोड की."

"तो मला मानवतो," मी म्हणालो.

खरंच मानवतो. वर्षभरात इतकी चांगली झोप लागली नव्हती. कारण मला युक्ती सुचली आहे.

शुक्रवार, ८ मार्च

युक्ती अशी. ड्राफ्टवेड्या माणसाची एक दुखरी नस असते. पहिल्या फेरीतले मोठे गडी कुणालाही ओळखता येतात. खरी मिजास असते ती कोपऱ्यातल्या कॉलेजातला, कुणी नाव न ऐकलेला पोरगा हुडकण्यात. "मी त्याला तुमच्याआधी पाहिला होता," या एका वाक्यासाठी हे लोक बायकोचा वाढदिवस विसरतात. आणि पोरगा जितका सापडायला कठीण तितका तो भारी वाटतो. म्हणजे जो मुळीच सापडत नाही तो सगळ्यात भारी!

मी वॉल्टला असा पोरगा देणार आहे, जो जन्मालाच आलेला नाही.

उपवासात शुक्रवारी मांस चालत नाही, म्हणून मासे खायला चर्चच्या हॉलवर गेलो होतो. मार्गिट दर शुक्रवारी तिथे वाढायला असते. वॉल्टही आला होता, नेहमीचा पिवळा कोट, जणू निवडणुकीला उभा राहिलाय. एरवी मार्गिट त्याला एक तुकडा जास्त वाढते. आज शेपटीकडचा वाढला आणि वर लिंबूही दिलं नाही. माझी बायको माझ्या बाजूची आहे.

रविवार, १७ मार्च

पोरगा तयार झाला. नाव ठरवायलाच आठवडा गेला.

आमचा कुत्रा गोंबोत्स. तीन वर्षं झाली त्याला जाऊन. आमच्या हंगेरियनमध्ये गोंबोत्स म्हणजे आलुबुखार भरून उकडलेला गोळा, आणि तो होताही तसाच. गोंबोत्सचा झाला गॉर्डी बॉट्स. वॉल्ट ड्रेननला हंगेरियन येत नाही, हंगेरियन लोकांच्या वह्या तेवढ्या वाचता येतात.

हिरव्या वहीत लिहिलेलं इथे उतरवून ठेवतो :

"गॉर्डी बॉट्स. सेंट ऑस्वाल्ड कॉलेज, उत्तर मिशिगन. पुढची फळी, डावी बाजू. मोसमाच्या मध्यावर दुसऱ्या कॉलेजातून आला, म्हणून छापील यादीत नाव नाही. उठायला वेळ लावतो, पण एकदा उभा राहिला की दार बंद. डावा पाय किंचित आत वळलेला. केस डोळ्यांवर येतात, तरी सगळं दिसतं. अंगावर येणाऱ्यावर आवाज न करता नुसतं वजन टाकतो. प्रत्येक डावाआधी एकदा शिंकतो. शिंकला की समजावं, समोरचा गेला."

लिहिताना डोळ्यांत पाणी आलं. फार चांगला कुत्रा होता.

पेटीग्रूची नऊ पानं मात्र वहीतून फाडून कपाटात ठेवली. चोराला खरा माल कशाला द्या?

शुक्रवार, २९ मार्च

हिरवी वही बारमध्ये 'विसरून' आलो. अगदी लेस्टरच्या कोपराशी. बाहेर पडताना मागे वळून पाहिलं नाही.

मंगळवार, २ एप्रिल

बर्निसचा फोन शनिवारीच आला होता. मी न्हाव्याकडे होतो, मार्गिटनं घेतला. "जाता येता आणते," म्हणाली, आणि आज आणली. म्हणजे वही चार दिवस बारमध्ये होती! चार दिवसांत लेस्टर पाठसुद्धा करू शकतो.

शुक्रवार, ५ एप्रिल

बर्निस आज म्हणाली, "वही मिळाली ना रे? तुझी बायको शनिवारीच घेऊन गेली." मंगळवारी, मी म्हणालो. "शनिवारी," ती म्हणाली. त्या बाईला वार कळत नाहीत, म्हणून तर बुधवारचं सूप गुरुवारी मिळतं.

संध्याकाळी चर्चच्या हॉलवर मासे. वॉल्ट आणि मार्गिट कॉफीच्या पिंपाजवळ चांगली दहा मिनिटं बोलत होते. बोलत कसले, ती बोट रोखून बोलत होती आणि तो मान खाली घालून ऐकत होता. बहुतेक रांग मोडली असेल त्यानं. बाईसाहेब रांगेच्या बाबतीत कडक.

सोमवार, ८ एप्रिल

गिळलं! गिळलं! गळासकट गिळलं!

साडेसातला रेडिओ लावला. वॉल्टनं आवाज बारीक केला, कानात सांगितल्यासारखा. "टोलेडोकरहो, एक नाव लिहून ठेवा. गॉर्डी बॉट्स." आणि मग माझं सगळं, शब्दन्‌शब्द. दार बंद. आत वळलेला पाय. शिंकेपर्यंत पोचला तेव्हा मार्गिटला ठसका लागला, कॉफी नाकातून आली. मी पाठ थोपटली. हसून हसून डोळे पुसत होती. मी विचारलं, "इतकं काय झालं?"

"शिंकतो म्हणे," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "हा पोरगा तू कुठे पाहिलास रे?"

"मी कुठे पाहिलाय? वॉल्टनं पाहिलाय."

"हो की," म्हणाली, आणि कप विसळायला गेली.

शेवटी वॉल्ट म्हणाला, "हा हिरा मला ज्यानं दाखवला त्याचं नाव मी ड्राफ्टच्या शनिवारी, थेट बर्निसच्या बारमधून सांगणार आहे." सांग की! लेस्टरचं नाव घे, चारचौघांत घे. एका दगडात दोन पक्षी मी ऐकले होते, पण दोन्ही पक्षी स्वतःहून दगडाखाली येऊन बसलेले पहिल्यांदा पाहतोय.

बुधवार, १० एप्रिल

आज बारमध्ये जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, नाहीतर पुढे माझाच विश्वास बसणार नाही.

लेस्टर म्हणाला, "बॉट्स? मी पाहिलाय त्याला. दोनदा."

मी विचारलं, "कुठे पाहिलास, लेस्टर?"

"वर, मिशिगनात. मेव्हण्याकडे गेलो होतो तेव्हा. काय पोरगा आहे! शिंकला रे शिंकला की आपल्यालाच धडकी भरते."

"पाय कोणता वळलाय?"

"डावा. पण उजव्यालाही किंचित आहे. रेडिओवाल्यांना तेवढं बारीक दिसत नाही."

बर्निस म्हणाली, तिच्या भाचीच्या मैत्रिणीनं त्याच्याबरोबर एक वर्ग केला आहे. अबोल आहे म्हणे, पण मनानं चांगला. टायर दुकानवाला ओकली म्हणाला, बाकी ठीक, पण पोरगा आळशी वाटतो, मी त्याला पाचव्या फेरीच्या वर हात लावणार नाही. त्यावरून ओकली आणि लेस्टरची अशी जुंपली की कॉलर धरायची वेळ आली. जन्माला न आलेल्या पोराच्या आळशीपणावरून!

मला हसू दाबता येईना. संडासात जाऊन हसून आलो.

मंगळवार, १६ एप्रिल

गावाला वेड लागलंय. बारमध्ये फेरी मागवायची तर आता हात वर करत नाहीत, शिंकतात. कुणीतरी सदरे छापलेत, पाठीवर बॉट्स, छातीवर मोठी शिंक. वॉल्टनं आज सांगितलं, की सेंट ऑस्वाल्डच्या एका 'आतल्या माणसाशी' त्याचं बोलणं झालं. कुठल्या आतल्या? कुत्र्याच्या घरातल्या?

घोडामैदान जवळ आलंय. गोंबोत्सचा एक फोटो दुकानात नेऊन वहीएवढा मोठा करून आणला. पायरीवर बसलाय, केस डोळ्यांवर, डावा पाय आत. शनिवारी सगळ्या फेऱ्या संपल्या, गॉर्डीचं नाव आलं नाही, की मी उठणार, रेडिओच्या माइकसमोर जाणार आणि फोटो वर धरणार. "हा घ्या तुमचा गॉर्डी बॉट्स. आणि हा घ्या तुमचा वॉल्ट ड्रेनन." वर्षभर मी जे सोसलं ते तो जन्मभर सोसेल. पुढच्या वर्षी फळीवर कुणाचा ग्लास असेल ते बघू.

फोटो चांगल्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवलाय. मार्गिटनं तो कोट आजच इस्त्रीला काढला. काही म्हणाली नाही, म्हणजे दिसला नसणार.

शनिवार, २० एप्रिल

चर्चमध्ये ईस्टरआधीची पापांची कबुली देऊन आलो. मन थोडं खात होतं, खोटं कशाला बोलू. जाळीपलीकडे फादर कोवाच. मी सुरुवात केली, "फादर, मी एका माणसाला खड्ड्यात घालण्यासाठी खोटं पसरवलंय."

"पश्चात्ताप होतोय का?"

"अजून नाही. पुढच्या शनिवारनंतर होईल."

फादरनी पलीकडे खुर्ची सरकवली. मग जाळीजवळ येऊन हळूच म्हणाले, "पुढच्या शनिवारवरून आठवलं, एमरी. तो बॉट्स सातव्या फेरीपर्यंत उरेल का रे?"

पश्चात्तापाचं पुढे ढकललं.

गुरुवार, २५ एप्रिल

पहिली फेरी. यंदा मी पाकीट टाकलंच नाही. त्यांच्या खेळात मी नाही, माझा खेळ वेगळा आहे. सहाव्या पाळीला ग्लासमेननी पेटीग्रूला घेतलं. लेस्टर डोकं धरून बसला.

बरोबरच घेतलं. पण आज माझं लक्ष तिकडे नव्हतं.

मार्गिट रात्रीच्या जेवणाला म्हणाली, "शनिवारी मीही येते बारमध्ये." चाळीस वर्षांत कधी आली नाही! मी म्हणालो, ये, ये, मजा बघायला ये.

रविवार, २८ एप्रिल

कालचं लिहायचं आहे. सकाळपासून तीनदा पेन उघडून मिटलं.

बार खच्चून भरला होता. अर्धे लोक शिंकेच्या सदऱ्यांत. वॉल्टचं टेबल फळीखाली मांडलेलं, वर माइक, तो पिवळ्या कोटात. मार्गिट निळा कोट घालून, केस बसवून, पहिल्या टेबलाशी. मी खिसा चाचपून पाहिला. फोटो जागेवर होता.

चौथी फेरी गेली, पाचवी गेली, सहावी गेली. प्रत्येक पाळीला सगळे श्वास रोखायचे आणि नाव दुसरंच निघायचं. सातव्या फेरीत आमची शेवटची पाळी आली, आणि ग्लासमेननी ओरेगनचा एक लाथाड्या घेतला, उंच लाथा मारणारा. बारमध्ये शिव्यांचा पाऊस. लेस्टर ओरडला, "आंधळे आहेत! हिरा पायाशी पडलाय आणि हे गारगोट्या वेचतायत!" म्हणजे पोरगा नव्हता म्हणून नाही, संघाला अक्कल नाही म्हणून! मी उठायला लागलो. तेवढ्यात वॉल्टनं माइक ओढला.

"टोलेडोकरहो," तो म्हणाला, "संघ चुकला, आपण नाही. आता मी कबूल केल्याप्रमाणे एक नाव सांगतो. आणि एक माफीही मागायची आहे."

मी लेस्टरकडे बघत होतो. तो चणे खात होता.

"गॉर्डी बॉट्स मला सापडला नाही. तो ज्याला सापडला तो माणूस एकतीस वर्षं हिरव्या वहीत लिहितोय. गेल्या वर्षीचा हॉलिससुद्धा त्याचाच. नाव घेईन असं वचन देऊन मी ते घेतलं नाही. भुरळ पडली, माझंच म्हणून दडपून दिलं. आणि त्या भल्या माणसानं इथे वर्षभर टोमणे खाल्ले. एमरी बोडनार, ऊठ बाबा. चूक माझी."

मग जे टाळ्या, जे पाय आपटणं! ओकलीनं मला मिठी मारली. लेस्टर, तोच माझा घरभेदी, डोळे पुसत म्हणाला, "अरे, तू बोलला का नाहीस लेका? बावीस वर्षं शेजारी बसतोस!" बर्निसनं फळीवरून माझा फुटका ग्लास उचलला, सगळ्यांना दाखवला आणि कचऱ्यात टाकला. सगळा बार एका तालात ओरडायला लागला, बोड-नार! बोड-नार! आणि मधून मधून शिंकायला.

वर्षभर मला नेमकं हेच हवं होतं. या वहीत पानंच्या पानं ज्यासाठी काळी केली ते हेच. आणि ते मिळालं कशासाठी? हॉलिससाठी नाही, पेटीग्रूसाठी नाही. आयुष्यात एकदाच खोटं लिहिलं, त्यासाठी.

वॉल्टनं माइक माझ्या तोंडापुढे धरला. मी म्हणालो, "असा कुणी पोरगा नाही."

बार हसला. वॉल्टनं डोळा मारला. "ऐकलंत? अजून लपवतोय. दुसऱ्या संघांनी उचलू नये म्हणून!"

"हुशार आहे म्हातारा!" कुणीतरी ओरडलं. तेव्हा मला वाटलं, गप्प बसावं. खरंच वाटलं ते इथे लिहितो. गप्प बसलो असतो तर चाललं असतं. गॉर्डीला दुखापत झाली म्हणता आलं असतं, संन्यास घेतला म्हणता आलं असतं. लेस्टरनं त्याला दोनदा पाहिलाच होता.

तेवढ्यात पहिल्या टेबलावरून आवाज आला. फार मोठा नाही, रांगेतल्यांना जागा दाखवताना असतो तसा. "एमरी, खिशातला फोटो दाखव की सगळ्यांना."

मी मार्गिटकडे पाहिलं. ती पाणी पीत होती.

फोटो काढला आणि वर धरला. दुसरं काय करणार? पायरीवर बसलेला गोंबोत्स, केस डोळ्यांवर, डावा पाय आत.

"हा कोण?" ओकलीनं विचारलं.

"डावी बाजू," मी म्हणालो. "आमचा कुत्रा. पोस्टमनवर जायच्या आधी शिंकायचा."

इतकी शांतता मी त्या बारमध्ये ग्लासमेन अंतिम सामना हरले तेव्हाही ऐकली नव्हती. वॉल्ट तोंड उघडं ठेवून माइककडे बघत राहिला, आणि रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या टोलेडोनं ती शांतता ऐकली. मग स्टुडिओतून कुणीतरी गाद्यांची जाहिरात लावली. लेस्टर बराच वेळ फोटोकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "मी लांबून पाहिलं होतं."

बर्निसनं दोन ग्लास घेतले, टेबलाच्या कडेवर आपटून टवके काढले आणि नावं लिहिली. एकावर ड्रेनन, एकावर बोडनार. शेजारी शेजारी ठेवले. वर्षभर आता आम्ही दोघं त्या फळीवर खांद्याला खांदा लावून बसणार.

घरी निघताना मार्गिटनं किल्ली मागून घेतली. गाडी तीच चालवत होती. स्वयंपाकघरात कोट काढून बसल्यावर मी विचारलं, "फोटोचं तुला कसं कळलं?"

"कोटाला इस्त्री मी केली."

"आणि गॉर्डीचं?"

"सोळा वर्षं त्या कुत्र्याला मी आंघोळ घातली, एमरी. पहिल्या ओळीतच ओळखला. दाराशी बसून वाचली तुझी वही, त्याच पायरीवर. शनिवारी."

मग तिनंच सांगितलं. हिरवी वही गेल्या वर्षी तिनंच वॉल्टला दिली होती. 'तीस वर्षं हा माणूस लिहितोय आणि वाचणारी मी एकटी, मला तर चेंडूसुद्धा कुठला ते कळत नाही,' म्हणून दिली म्हणे. 'याचं नाव घ्याल ना?' असं तिनं विचारलं होतं, आणि तो हो म्हणाला होता. नाव घेतलं नाही, आणि मी बारमधून उष्ट्या होऊन घरी आलो, तेव्हा सांगायची तिची छाती झाली नाही. मग मी रोज शिव्या द्यायला लागलो.

"यंदाही मीच दिली," ती म्हणाली. "मासे वाढताना त्याला सुनावलं, की या वेळी नाव घेतलं नाहीस तर चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर विचारीन. त्यानं वचन मोडलं होतं, त्याला धडा हवा होता."

"आणि मला?"

"तुलाही." ती उठली, माझ्या कपाटातून ती नऊ पानं घेऊन आली आणि पुढ्यात ठेवली. "पेटीग्रू. फेब्रुवारीत लिहिलंस, अगदी सहावी पाळीसुद्धा. गुरुवारी खरं झालं. यंदा तू अख्ख्या गावात एकटा बरोबर होतास, आणि पाकिटात टाकायला तुला वेळ नव्हता. कुत्रा पुढे केलास आणि हे कपाटात कोंबलंस. मी तरी किती वर्षं तुझं नाव होण्यासाठी धडपडू?"

मी पानं एकेक करून सरळ केली.

मग तिनं रोजच्यासारखा उजवा हात टेबलावर ठेवला. बोटं आज जरा जास्तच आखडली होती.

"हाच तो हात," ती म्हणाली. "वाळून जावो म्हणाला होतास ना?"

मी मलमाची डबी उघडली. अंगठ्यापासून सुरुवात केली, रोज तिथूनच करतो.